कीटकांच्या पेशीतली मेदवाहक प्रथिने थ्रीडी प्रिंटिंगवर: पुण्यातील एका दुकानाचा अनुभव

दुकानदाराने पहिली प्रतिकृती हातात ठेवली तेव्हा ती दिसायला निर्दोष होती. कडा स्वच्छ होत्या, रंग एकसारखा होता, वजनही चांगले भरत होते, आणि वजनावरूनच मला शंका आली. टोळाच्या उडण्याच्या स्नायूत मेदाम्ले वाहून नेणारे जे प्रथिन मी छापायला दिले होते, ते आतून पोकळ असायला हवे होते; माझ्या हातात आला होता तो एक भरीव गोळा. ज्या पोकळीसाठी हा सारा खटाटोप मांडला होता, ती पोकळीच प्लास्टिकने बुजली होती. पुढे हे काम नीट झाले, आणि ज्या रीतीने ते नीट झाले त्यावरून हे दुकान मी इतरांना सुचवायला तयार आहे. मात्र कोणाला सुचवावे आणि कोणाला सुचवू नये, हे सांगण्यासाठी हकीकत थोडी तपशिलाने लिहावी लागेल. चुका कोणाच्या होत्या हेही त्यात येणार असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. द्वितीय वर्षाच्या वर्गाला कीटकांचे शरीरक्रियाशास्त्र शिकवताना दरवर्षी एकाच ठिकाणी गाडी अडते. कीटकाच्या शरीरातून मेद कसा फिरतो ते मुलांना पटकन कळते. पोटातल्या मेदपिंडात साठा असतो. टोळ उडू लागला की मेंदूजवळच्या एका ग्रंथीतून ॲडिपोकायनेटिक हार्मोन सुटते. साठ्यातल्या मेदाचे डायग्लिसराइड, म्हणजे दोन मेदाम्ले जोडलेला रेणू, होते. लायपोफोरिन नावाचा मोठा प्रथिनकण ते हिमोलिम्फमधून, म्हणजे कीटकाच्या रक्तातून, स्नायूपर्यंत पोहोचवतो, तिथे माल उतरवतो आणि रिकामा होऊन पुन्हा भरायला परत जातो. फळ्यावर दोन बाण काढले की हा भाग संपतो. अडचण पुढे येते. स्नायूच्या पेशीबाहेर डायग्लिसराइडचे तुकडे होऊन मेदाम्ले मोकळी होतात आणि पेशीच्या आत येतात. तिथून मेदाम्ले जाळणाऱ्या तंतुकणिकेपर्यंतचे अंतर ती कशी कापतात, हे फळ्यावरच्या बाणाने समजत नाही, कारण तो बाण पाण्यातून जातो आणि मेदाम्लाला पाणी मानवत नाही.

ही अडचण नाममात्र नाही. पामिटिक आम्लासारखे सोळा कार्बनांचे मेदाम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्याचे एक टोक विद्युतभारित असते आणि बाकीची लांब शेपटी पाण्यापासून दूर राहू पाहते, म्हणजे त्याची घडण साबणाच्या रेणूसारखीच असते. असे रेणू पेशीत मोकळे साठत गेले तर ते पटलांमध्ये, म्हणजे पेशीतल्या पातळ आवरणांमध्ये, घुसून साबणासारखेच वागतील. टोळाला तर तासन्‌तास उडायचे असते आणि लांबच्या उड्डाणात त्याचे मुख्य इंधन मेदच असते. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेली टोळधाड ज्यांनी पाहिली किंवा निदान वर्तमानपत्रात वाचली, त्यांना हे उड्डाण किती लांबचे असते ते सांगायला नको. त्या स्नायूत मेदाम्ले पाण्यातून वाहून नेण्याचे काम करणारे मेदाम्ल-बंधक प्रथिन इतके भरलेले असते की प्रौढ वाळवंटी टोळाच्या उड्डाण-स्नायूच्या पेशीद्रवातील विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे १८ टक्के वाटा एकट्या त्याचा असतो. पंख पूर्ण न फुटलेल्या पिल्लांत मात्र ते नसते. शेवटची कात टाकून टोळ प्रौढ झाला की मगच ते तयार होऊ लागते. उडायचेच नसेल तर मेद वाहायला एवढा नोकरवर्ग कशाला पोसायचा?

हे प्रथिन दिसते कसे, ते आजवर मी बुरूड आळीतून आणलेल्या एका लहान टोपलीवर दाखवत आले. प्रथिनाची साखळी दहा वेळा वर-खाली जाते आणि त्या दहा बीटा पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या राहून टोपलीसारखी भिंत तयार करतात. टोपलीच्या तोंडावर दोन आखूड मळसूत्रांचे, म्हणजे साखळीच्या पिळासारख्या गुंडाळलेल्या भागांचे, झाकण असते. चौथ्या आणि पाचव्या पट्टीमध्ये फट असते. तिथे शेजारच्या पट्ट्यांना बांधणारे हायड्रोजन बंध नसतात. टोपलीच्या दोन कामट्या मी कात्रीने सैल करून ती फट दाखवत असे, आणि आत मेणबत्तीची वात टाकून ते मेदाम्ल आहे असे सांगत असे. मुलांना टोपली आवडायची, पण परीक्षेत ती टोपलीच लिहून यायची. शेवटी विभागाच्या छोट्याशा निधीतून खरी रचना छापून घ्यायची असे ठरवले.

प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत कोणालाही मोफत मिळतात. वाळवंटी टोळाच्या स्नायूतले प्रथिन तिथे ‘१एफटीपी’ या संकेताने आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेली ही रचना २.२ अँगस्ट्रॉम एवढ्या स्पष्टतेची आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). त्याच्या जोडीला मी एडिस इजिप्ती डासाचे स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखे मेद) वाहक प्रथिन-२ घेतले, संकेत ‘१पीझेड४’, कारण त्या रचनेत प्रथिनाच्या पोटात सोळा कार्बनांचे मेदाम्ल बसलेल्या अवस्थेतच दिसते. रचनेची छपाईयोग्य फाईल मोफत सॉफ्टवेअरमधून एका संध्याकाळी तयार होते. त्यानंतर दुकान शोधायचे. महाविद्यालयाजवळ विचारपूस केल्यावर सदाशिव पेठेतील एका गल्लीत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान सापडले. आत चार यंत्रे, एक मोठे टेबल, भिंतीवर रंगीत फिलामेंटची (छपाईच्या प्लास्टिक धाग्याची) रिळे, आणि कपाटात गणपतीच्या मखराचे भाग, गाड्यांची सुटी बटणे, दंतवैद्यांसाठी केलेले जबडे असा सगळा माल. दुकान चालवणारा तरुण यांत्रिकी अभियंता आहे. प्रथिनांशी त्याचा संबंध व्यायामशाळेत मिळणाऱ्या डब्यापुरता, असे त्याने स्वतःच सांगितले.

पहिली चूक माझी होती. प्रथिनाच्या फाईलमधली अंतरे अँगस्ट्रॉममध्ये असतात, पण छपाईसाठी वापरतात त्या एसटीएल फाईलमध्ये एककच नसते, नुसते आकडे असतात. यंत्राने ते आकडे मिलिमीटर समजून घेतले. एका अँगस्ट्रॉमला एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी पट मोठे रूप. ऐकायला भव्य वाटते, पण चार नॅनोमीटरचे प्रथिन त्या प्रमाणात चार सेंटीमीटरचे, म्हणजे लिंबाएवढे होते. मी प्रमाण लिहून दिले नव्हते, त्यामुळे त्या लिंबाच्या फिलामेंटचे १२० रुपये मी दिले. त्यानंतर एका नॅनोमीटरला तीन सेंटीमीटर, म्हणजे तीन कोटी पट, असे प्रमाण ठरले. या प्रमाणात टोळाचे प्रथिन सुमारे बारा सेंटीमीटर उंच होते आणि पामिटिक आम्ल साधारण सहा सेंटीमीटर. मुलांना या पटीची जाणीव व्हावी म्हणून मी वर्गात एवढेच सांगते की याच प्रमाणात पाच मिलिमीटरचा डास छापायचा झाला, तर तो पुण्यात बसला असता त्याचे दुसरे टोक मुंबईत टेकेल.

दुसरी चूक दुकानाची, आणि ती मी सुरुवातीला सांगितली आहे. प्रथिनाचा पृष्ठभाग छापायचा म्हटले की फाईलमध्ये दोन बंद कवचे असतात: बाहेरचे कवच आणि आतल्या पोकळीचे कवच. छपाईपूर्वी प्रतिकृतीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल ‘दुरुस्त’ करण्याची सोय असते, आणि दुकानात ती सवयीने चालू ठेवलेली होती. दुरुस्तीत आतले कवच दोष म्हणून काढून टाकले गेले आणि त्या जागी जाळीदार भराव भरला गेला. गाडीचे बटण किंवा मखराचा खांब छापताना ही सोय चांगलीच उपयोगी पडते, कारण तिथे आतल्या अनावश्यक पोकळ्या खरोखरच दोष असतात. मी प्रतिकृती परत केली तेव्हा दुकानदाराने वाद घातला नाही, त्याने ती टेबलावर धरून करवतीने मधोमध कापली, आतला भराव पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्हाला वस्तू नको आहे, तुम्हाला तिच्या आतली जागा हवी आहे.” त्या प्रतिकृतीचे पैसे त्याने घेतले नाहीत. कापलेले दोन्ही अर्धे भाग मी मागून आणले. ते आता वर्गात ‘काय नसते’ हे दाखवायला वापरते.

तिथून पुढे आमचे संभाषण खऱ्या अर्थाने सुरू झाले आणि दुकानाची किंमत मला तिथेच कळली. पोकळी छापली तरी ती बाहेरून दिसणार नव्हती, कारण ही रचना प्रथिनाच्या स्फटिकावरून काढलेली आहे आणि स्फटिकात प्रथिनाचे झाकण मिटलेले असते. दुकानदाराचा पहिला सल्ला प्रतिकृतीचे उभे दोन भाग करून लोहचुंबकाने जोडण्याचा होता. कारागिराच्या दृष्टीने तो योग्यच होता, कारण उभ्या कापाने सपाट पृष्ठभाग मिळतात आणि आधाराचे प्लास्टिक कमी लागते. मी नको म्हटले. या कुळातल्या प्रथिनांत मेदाम्ल आत-बाहेर जाते ते मळसूत्रांच्या झाकणाच्या बाजूने, ती बाजू क्षणभर सैल होऊन, असे मानले जाते. तेव्हा प्रतिकृतीही तिथेच उघडली पाहिजे. हे ऐकल्यावर त्याने संगणकावर प्रथिन फिरवून पाहिले, झाकणाच्या खाली तिरका वळणदार काप घेतला आणि कापाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची सूट ठेवली, कारण दोन भाग तंतोतंत एका मापाचे छापले तर एकमेकांत बसत नाहीत. हा काप बसवायला त्याला दोन दिवस लागले. पैसे त्याने छपाईचेच घेतले, या दोन दिवसांचे नाहीत.

मेदाम्लाच्या बाबतीत तर त्याने माझ्यापेक्षा चांगला विचार केला. मी फाईलमध्ये आहे तसे, एका ठरावीक वळणाचे, कडक पामिटिक आम्ल मागितले होते. त्याने विचारले की ही शेपटी खऱ्या रेणूत वळते का. वळते, असे म्हटल्यावर त्याने शेपटी टीपीयू या लवचिक पदार्थात पिवळ्या रंगाची आणि भारित टोक पीएलए या कडक प्लास्टिकमध्ये लाल रंगाचे छापले. परिणाम असा झाला की एकच रेणू टोळाच्या पोकळीत एका प्रकारे वळून बसतो आणि डासाच्या पोकळीत दुसऱ्या प्रकारे, आणि बसवताना बोटांना तो वळवावा लागतो. हे दृश्य पुस्तकातल्या आकृतीत कधीच मिळत नाही. टोळाच्या प्रतिकृतीत पोकळीच्या तळाशी, जिथे आर्जिनिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले मेदाम्लाच्या भारित टोकाला धरून ठेवतात, तिथे एक छोटा लोहचुंबक बसवायचे ठरले आणि दुसरा मेदाम्लाच्या लाल टोकात. पहिल्या वेळी दुकानातल्या कारागिराने लोहचुंबक उलटा चिकटवला. मेदाम्ल आत घातले की ते तळाला टेकायच्या आधीच मागे उसळायचे; टेबलाभोवती उभे असलेले आम्ही तिघेही त्यावर खूप हसलो. डिंक वाळलेला असल्याने लोहचुंबक काढताना आतल्या भिंतीला ओरखडा गेला, तो अजून दिसतो. दुरुस्तीनंतर मात्र टोक तळाशी ‘टक’ असा आवाज करून बसते आणि प्रतिकृती उपडी केली तरी बाहेर पडत नाही.

मी एक फीतरूप प्रतिकृतीही मागवली होती, ज्यात प्रथिनाची साखळी नुसत्या पट्ट्या आणि मळसूत्रांच्या रूपात दिसते. ती प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये छापून घेतली, कारण साध्या यंत्रावर इतक्या बारीक फिती तुटतात. ती अतिशय देखणी आली आहे. चौथ्या-पाचव्या पट्टीमधली फट तीवर बोट ठेवून दाखवता येते आणि बुरूड आळीची टोपली आता निवृत्त झाली आहे. पण ही प्रतिकृती एकटी घेणाऱ्यांना मी सावध करीन. फितींच्या चित्रणात अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या वगळलेल्या असतात, त्यामुळे आतली जागा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दिसते. माझ्या एका विद्यार्थ्याने तीवरून असा निष्कर्ष काढला की एका प्रथिनात पाच-सहा मेदाम्ले सहज मावतील. पृष्ठभागाच्या प्रतिकृतीत हात घातल्यावर त्याचा गैरसमज गेला: तिथे एकच मावते. तरीही पोकळी त्या एका मेदाम्लाला घट्ट बसणारी नाही. उरलेल्या जागेत पाण्याचे रेणू असतात, हे स्फटिकरचनांवरून माहीत आहे. मेद सांभाळणाऱ्या प्रथिनाच्या पोटात पाणी असावे, हे मुलांना पचायला सर्वांत जड जाते. मला स्वतःलाही विद्यार्थिदशेत ते जड गेले होते.

वर्गात प्रतिकृती नेल्यावर अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला की हे प्रथिन चालते कसे. ‘वाहक’ या शब्दाचा हा दोष आहे. वाहक म्हटले की डोक्यावर ओझे आणि समोर पत्ता असलेला हमाल डोळ्यांपुढे येतो. पीएमपीएमएलच्या बसला मार्ग क्रमांक असतो, या प्रथिनाला तो नसतो. ते पेशीद्रवात इतर रेणूंचे धक्के खात सर्व दिशांना सारखेच भरकटते. मेदाम्ल पेशीच्या कडेकडून तंतुकणिकेकडे जाते ते एवढ्यासाठी, की तंतुकणिका ते सतत जाळून संपवत असते. तिकडे ते कमी असते आणि कडेला जास्त. प्रथिनाचे काम इतकेच की मेदाम्लाला पाण्यात राहण्याजोगे करायचे, म्हणजे हा उतार वापरता येतो. मी प्रतिकृतीला मुद्दाम चाके किंवा बाण लावू दिले नाहीत, जरी दुकानदाराने उत्साहाने तसे सुचवले होते.

“मग ओढून नेणारे प्रथिन कीटकांत नसतेच का?” असे एका मुलीने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. असते; पण ते एकेका रेणूला ओढत नाही, मेदाचा अख्खा थेंब ओढते. फळमाशीच्या कोवळ्या भ्रूणात मेदाचे थेंब सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांसारख्या तंतूंवरून, दोन्ही दिशांना सरकतात, एका दिशेला कायनेसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर आणि दुसऱ्या दिशेला डायनिन या प्रथिनाच्या. भ्रूणाच्या एका टप्प्यावर थेंब आत ओढले गेले की त्याची कड पारदर्शक होते आणि पुढच्या टप्प्यावर ते बाहेर आले की पुन्हा धूसर दिसते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल डोळ्यांनी दिसतो. थेंबाच्या पृष्ठभागावर बसणारे एलएसडी-२ नावाचे प्रथिन या हालचालीच्या नियमनात भाग घेते. हे छापून दाखवता येण्यासारखे नाही, आणि छापू नये असेच माझे मत आहे; त्यासाठी जिवंत भ्रूणच पाहावा.

डासाच्या प्रतिकृतीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण छपाईच्या दृष्टीने ती सरळ निघाली. हे प्रथिन लहान आहे, त्याची घडी वेगळी आहे, टोपलीऐवजी बीटा पट्ट्यांच्या एका चादरीवर मळसूत्रे टेकलेली असतात आणि मधल्या जागेत मेदाम्ल किंवा कोलेस्टेरॉल बसते. वर्गात तिचा उपयोग मात्र मला वाटले त्याहून जास्त झाला. कीटकांना स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावे लागते. डासाच्या अळीच्या मध्यांत्रात, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागात, हे प्रथिन भरपूर असते, आणि त्याची पोकळी अडवणारी रसायने अळ्यांना मारू शकतात असे प्रयोगांत दिसले आहे. मँगोस्टीन या फळाच्या सालीतले आल्फा-मँगोस्टीन हे त्यांपैकी एक. मँगोस्टीन आपल्या कोकमाच्याच प्रजातीतले (जीनसमधले) झाड, हे सांगितल्यावर मागच्या बाकावर लगेच कोकम सरबत टाकीत ओतण्याची योजना शिजू लागली. कोकमाबद्दल असा दावा मी केलेला नाही, हे तिथल्या तिथे स्पष्ट करावे लागले. पण एक मुलगा उठला, त्याने पामिटिक आम्लाची शेपटी पोकळीत घालायच्या आधी कागदाचा बोळा आत कोंबला आणि “आता येऊन दाखव” असे त्या आम्लाला म्हणाला. औषध पोकळी अडवते म्हणजे काय करते, यावर त्यानंतर मला वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

आता कामाच्या दर्जाबद्दल. टोळाच्या प्रतिकृतीत ०.२ मिलिमीटरचे सुमारे सहाशे थर आहेत आणि छपाईला रात्र धरून अकरा तास लागले. चार सेंटीमीटर उंचीवर एक बारीक आडवी रेघ आहे, कारण त्या वेळी वीज गेली होती आणि यंत्राने पुन्हा सुरुवात करताना थर केसभर सरकला. दुकानदाराने ती पॉलिश कागदाने घासून देण्याची तयारी दाखवली, पण घासल्याने बाजूचे उंचसखलपण गेले असते म्हणून मी ती राहू दिली. काम जुलैत दिल्यामुळे पावसाळी दमटपणाचा त्रासही दिसला: ओलावा धरलेले फिलामेंट यंत्रात तडतडते आणि छापलेल्या भागांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडते. पोकळीच्या आत असे धागे राहिले होते. ते चिमट्याने काढायला मला एक रविवार गेला. दुकानदाराने त्यानंतर रिळे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला सुरुवात केली आहे, हे मी दुसऱ्या खेपेला पाहिले. रंगकाम मात्र साधारण आहे. धनभारित भाग निळे आणि ऋणभारित भाग लाल रंगवून हवे होते; ते हाताने रंगवले गेले, आणि कडेला निळा रंग लालात मिसळून जांभळा झाला आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हे खपवून घेतले नसते.

एक सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात डासाची प्रतिकृती बंद मोटारीत, समोरच्या काचेखाली ठेवून मी दोन तास बँकेत अडकले. परत आले तेव्हा एक मळसूत्र आळसावलेल्यासारखे झुकले होते. दुकानाचा यात काही दोष नाही, पण वस्तू देताना हे एका वाक्यात सांगितले असते तर बरे झाले असते.

खर्च असा आला: टोळाची चुंबकी प्रतिकृती १,४५० रुपये, डासाची १,१०० रुपये, रेझिनची फीतरूप १,९०० रुपये, मेदाम्लाचे तीन तुकडे मिळून ३०० रुपये आणि माझ्या चुकीच्या लिंबाचे १२०, एकूण ४,८७० रुपये. पावती मागितल्यावर लगेच मिळाली, हे सरकारी निधीतून खर्च करणाऱ्यांना महत्त्वाचे वाटेल. तक्रार आहे ती निरोपांची. फोनवर काम कुठवर आले ते कळत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश वाचला गेल्याच्या खुणा दिसतात पण उत्तर दोन दिवसांनी येते, आणि ‘उद्या नक्की’ याचा अर्थ परवाही होऊ शकतो. दहा दिवसांत देतो म्हटलेले काम सव्वीस दिवसांनी पूर्ण झाले. फाईल पाठवून घरपोच वस्तूची वाट पाहणाऱ्याने इथे जाऊ नये; त्याला भरीव गोळाच मिळण्याची शक्यता जास्त. पण जो टेबलापाशी बसून आतल्या जागेबद्दल अर्धा तास बोलायला तयार आहे, त्याला याहून चांगला श्रोता आणि कारागीर मला पुण्यात तरी भेटलेला नाही.

पुढची मागणी मी दिली आहे आणि ती दुकानाला जड जाणार आहे. पेशीतला मेद केवळ अशा लहान डब्यांतून फिरत नाही. आंतर्द्रव्यजालिका (पेशीतले पटलांचे जाळे) आणि दुसरे एखादे पटल जिथे अगदी जवळ येतात, तिथे व्हीपीएस१३ सारखी लांबलचक प्रथिने दोन्हींमध्ये पुलासारखी टेकतात. त्यांच्या अंगभर एक पन्हळ असते, तिच्या आतल्या बाजूला पाण्याला नकोशी असणारी अमिनो आम्ले असतात आणि मेदाचे रेणू तीतून एका पटलावरून दुसऱ्या पटलावर सरकत जातात, असे आता मानले जाते. फळमाशीतही हे प्रथिन आहे, तीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे. ते नसलेल्या माशा कमी जगतात आणि त्यांच्या मेंदूचा ऱ्हास होतो. माझ्या तीन कोटींच्या प्रमाणात या पन्हळीची लांबी साठ सेंटीमीटरच्या वर जाते आणि दुकानातल्या सर्वांत मोठ्या यंत्राचा पाट बावीस सेंटीमीटरचा आहे. म्हणजे तीन तुकडे करावे लागतील. सांधे कुठे घ्यायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. त्याला ते जाड भागात हवे आहेत आणि मला कुठेही चालतील, फक्त पिवळी शेपटी पन्हळीतून सरकवताना सांध्यावर अडकता कामा नये. गणपतीच्या मखरांची गर्दी ओसरली की बसून ठरवू, असे त्याने सांगितले आहे.